अकरा नंबरची बाटली

"एकशे चौऱ्याऐंशीलाच घाम सुटला की गं," भिंगाला लावलेला डोळा न काढता रईसा म्हणाली. "आन् अजून पुरतं वितळलं न्हाई."

"थांबा जरा," मागं उभी असलेली साक्षी म्हणाली.

रईसा थांबली. केसासारख्या बारीक काचेच्या नळीच्या तळाशी चिमूटभर पावडर ओलसर होऊन चिकटली होती. पारा सावकाश वर चढत होता. शेवटचा कण गेला तेव्हा आकडा दोनशे एक होता. म्हणजे वितळायला सतरा अंश लागले. शुद्ध पदार्थ असा रेंगाळत नाही. त्याचा ठरलेला अंश आला की तो एकदम पाणी होतो. हे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही शिकवलेलं असतं, आणि साक्षी तर पीएच.डी.च्या चौथ्या वर्षाला होती.

"दोनशे ते दोनशे एक लिहा."

"मी बघितलं ते लिहिते," रईसा म्हणाली, आणि रजिस्टरात तिनं तसंच लिहिलं: एसबी-११, १८४ ते २०१, अशुद्ध.

शेवटचा शब्द लिहायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. प्रयोगशाळा सहायकानं आकडा लिहायचा, शेरा मारायचा नाही, असं साक्षीनं तिला ऐकवलं, आणि नियमानं ते खरंही होतं. रईसानं रजिस्टर मिटून कपाटात ठेवलं. किल्ली कमरेला खोचली आणि ती भांडी धुवायला निघून गेली.

लातूरहून मुरुडकडं जाणाऱ्या रस्त्यावर, शहराची वस्ती विरळ होते तिथं, हे फार्मसी कॉलेज होतं. रईसा मोमीन तिथं सत्तावीस वर्षं नोकरीला होती. माहेर नांदेडच्या इतवाऱ्यातलं, वडील भांड्यांना कल्हई लावणारे. लग्न होऊन ती लातूरला आली ती बारावी सायन्सचं मार्कशीट पिशवीत घेऊनच. नवरा जलील गंजगोलाईच्या बाजारात घड्याळं दुरुस्त करत असे. तो अबोल, मवाळ माणूस. घरातली सगळी तिखट बोलणी रईसाच्याच वाट्याला आलेली. कॉलेजात ती कुणालाही आवडत नव्हती. चंचुपात्राला डाग राहिला म्हणून तिनं मोठमोठ्या पोरींना रडवलं होतं. एका प्राध्यापकांनी प्रयोगशाळेत आणलेला चहाचा कप तिनं सगळ्यांच्या देखत उचलून बाहेर व्हरांड्यात नेऊन ठेवला होता. पोरं पाठीमागं तिला 'ॲसिड' म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर त्याचं तिला फारसं वाईटही वाटत नव्हतं. तिच्याइतके स्वच्छ स्फटिक त्या इमारतीत कुणालाच काढता येत नव्हते, हेही पोरांना ठाऊक होतं. गोड बोलून कुणी मदत मागितली की ती नाक मुरडून करायची. साक्षीनं कधी मागितली नाही.

विभागप्रमुख डॉ. शिवशंकर बिराजदार हे साक्षीचे मार्गदर्शक. क्षयरोगावर आयसोनायझिड नावाचं औषध सत्तरेक वर्षांपासून वापरात आहे. आता कित्येक जंतू त्याला दाद देत नाहीत. त्या जुन्या औषधाच्या रेणूला दुसरा तुकडा जोडून नवी संयुगं बनवायची आणि त्यातलं एखादं चालतं का ते पाहायचं, असं साक्षीचं काम होतं. तिनं बारा संयुगं केली. सरांनी त्या सगळ्यांना आपल्या नावाची आद्याक्षरं दिली, एसबी-१ ते एसबी-१२. पण प्रयोगशाळेत सगळे नंबरनंच बोलत. अकरा नंबरवर सरांचा फार जीव होता.

अडचण एवढीच होती की जोडणी पुरती झाली नाही तर जुनं औषध नव्यात तसंच शिल्लक राहतं. ते धुऊन काढावं लागतं. धुतलं की माल कमी भरतो. सरांना माल कमी भरलेला चालत नसे, आणि साक्षीला घाई होती. अकरा नंबर न धुताच हैदराबादला तपासणीला गेलं.

दोन महिन्यांनी अहवाल आला. अगदी थोड्या मात्रेत क्षयाचे जंतू मेले होते. आठवड्याभरात वर्तमानपत्रात सरांचा फोटो आला, लातूरच्या प्रयोगशाळेत क्षयरोगावर नवं संयुग, असा मथळा. मग सत्कार झाला. शिरूर अनंतपाळहून साक्षीचे वडील हणमंतराव आले, पांढऱ्या धोतरात, कोरा फेटा बांधून. भाषणात साक्षी आईबद्दल बोलली. तुळजाबाई सहा वर्षांपूर्वी क्षयानं गेल्या. गोळ्या एकही दिवस न चुकता चालू होत्या, पण त्यांच्या अंगातले जंतू त्या गोळीला जुमानतच नव्हते. ते कळेपर्यंत उशीर झाला होता. त्या दिवसापासून मी ठरवलं, असं म्हणून साक्षी थांबली, आणि सभागृहानं टाळ्या वाजवल्या.

कार्यक्रम संपल्यावर हणमंतरावांनी बाटली बघायला मागितली. रईसानंच ती ट्रेमध्ये घालून आणली. म्हाताऱ्यानं अंगठ्याएवढी ती बाटली दोन्ही हातांनी उचलली आणि डोळे मिटून कपाळाला लावली. फोटोवाल्यानं फोटो काढला. रईसा ट्रे धरून उभी होती. तिला तिथं उभं राहवेना.

दुसऱ्या दिवसापासून ती दुपारच्या सुटीत कामाला लागली. उरलेलं अकरा नंबर तिनं कोमट पाण्यानं तीनदा धुतलं. जुनं औषध पाण्यात विरघळतं, नवं विरघळत नाही. धुतलेलं पाणी आटवल्यावर तळाशी पांढरे खडे राहिले. ते एकशे एकाहत्तरला वितळले. आयसोनायझिडच होतं ते, दुसरं काही असायचं कारणच नव्हतं. मग उरलेला गाळ तिनं अल्कोहोलमध्ये गरम करून विरघळवला, गाळला, थंड केला. असं तीन वेळा केलं. नवव्या दिवशी फिक्या पिवळ्या स्फटिकांच्या सुया धरल्या, लांब आणि लखलखीत. दोनशे सहाला सुरू होऊन दोनशे सातला संपल्या. एक ग्रॅमही भरला नाही. रजिस्टरात तिनं सगळं तारीखवार लिहून ठेवलं आणि ती बाटली घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेली.

बिराजदार सरांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा काढून पुसत विचारलं, "रईसाबाई, तुमचं शिक्षण किती?"

"बारावी."

"मग झालं तर. हे तुमच्या आवाक्यातलं नाही."

"सर, नुसती ही बाटली पाठवा म्हणते मी. परत तपासू द्या. जंतू मेले तर मी तुमच्या पाया पडते."

सर हसले. दिल्लीहून प्रकल्पाच्या पाहणीला माणसं यायची आहेत, त्यांना रजिस्टर दाखवावं लागेल, असं ते शांतपणे म्हणाले. त्यातलं एक पान खराब झालंय, ते पुन्हा लिहून काढायचं. अशुद्ध वगैरे काही नको. पुढचं नऊ दिवसांचंही नको.

"पान खराब न्हाई," रईसा म्हणाली.

"मी म्हणतो ना खराब झालंय."

"मग तुमच्या अक्षरात लिहा. माझ्या न्हाई."

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. आधी तिची खुर्ची गेली, दुरुस्तीला म्हणून. मग कपाटाच्या किल्ल्या काढून घेतल्या. दोन दिवसांनी कपाटातलं रजिस्टर नाहीसं झालं, आणि ते कुठं आहे असं तिनं विचारल्यावर, सांभाळायची जबाबदारी तुमचीच होती, असं लेखी पत्र तिच्या हातात पडलं. पोरं तिच्याशी कामापुरतंही बोलेनात. कॅन्टीनमध्ये तिच्या पाठीमागच्या टेबलावर कुणीतरी म्हणालं की, त्या लोकांना आपलं चांगलं झालेलं बघवतच नाही. रईसानं मान वळवून पाहिलं नाही. चहा तसाच ठेवून उठली.

घरी जलीलनंही तिची बाजू घेतली नाही. नोकरीची सहा-सात वर्षं उरली आहेत, एक शब्द खोडायचा आणि गप्प राहायचं, यात एवढं काय अडलंय, असं त्याचं म्हणणं. घड्याळ बिघडलं तर गिऱ्हाईकाला मी सांगतो, पण त्याला ऐकायचंच नसेल तर मी दुकानातून ओरडत बसत नाही, असं तो म्हणाला. त्या दिवशी दोघं एका ताटाशी बसून एकमेकांशी न बोलता जेवले.

साक्षी तिला भांडी धुण्याच्या खोलीत गाठायला आली ती त्याच आठवड्यात. तिच्या कानावर सगळं गेलं होतं.

"आपा, तुमचं माझ्याशी वैर काय हाय?"

"काही न्हाई."

"मग चार वर्षांच्या कामावर का पाणी ओतून राहिलात? तुम्हाला काय भेटतंय त्यातून?"

रईसानं खिशातून सुयांची बाटली काढून कट्ट्यावर ठेवली. हे तुझं अकरा नंबर, म्हणाली, आणि आधी पाठवलं त्यात निम्मं दुसरंच होतं. साक्षीनं बाटलीकडं पाहिलंही नाही. सरांनी सांगितलंय की तुमच्या धुण्यानं संयुग बिघडलं, असं ती म्हणाली. अडाणी माणसानं हात घातला की असंच होतं. आणि मग ती म्हणाली की, माझ्या आईच्या नावाचं हे काम आहे, त्याला तुमच्यासारखीनं हात लावलेला मला चालायचा नाही.

तुमच्यासारखीनं, हा शब्द रईसाला झोंबला. ती गप्प राहू शकली असती. तिच्याजवळ सांगण्यासारख्या दुसऱ्या दहा गोष्टी होत्या, स्फटिकांच्या, आकड्यांच्या. पण तिला त्या घडीला दुखवायचंच होतं.

"तुझ्या आईला जी गोळी लागू पडली न्हाई," ती म्हणाली, "तीच गोळी त्या बाटलीत हाय. तीच तुझ्या बापानं कपाळाला लावली."

साक्षीचा चेहरा उतरला. तिनं कट्ट्यावरची बाटली उचलली, टोपण काढलं, बेसिनमध्ये उपडी केली आणि नळ सोडला. रईसा एक पाऊलही हलली नाही. पिवळ्या सुया पाण्यात विरघळेनात. बेसिनभर गोल गोल फिरत राहिल्या, जाळीला येऊन अडकल्या. साक्षीनं नळ आणखी मोठा केला. सगळ्या वाहून जायला बराच वेळ लागला, आणि तितका वेळ दोघी तिथं उभ्या होत्या.

चार दिवसांनी साक्षीच्या सहीची तक्रार आली. सहायकानं परवानगीशिवाय संशोधनाचा नमुना हाताळला आणि नष्ट केला. चौकशी समितीत तीन माणसं होती. त्यांनी रईसाला विचारलं, तुमच्याकडं पुरावा काय? ती म्हणाली, रजिस्टर. रजिस्टर कुठं आहे? ते तुम्हीच सांगा, ती म्हणाली. नमुना कुणी ओतला ते मात्र तिनं सांगितलं नाही. समितीनं विचारलंही होतं, तुम्ही स्वतः ओतला का? ती म्हणाली, माझ्या समोर गेला. त्यांनी तेच कबुलीजबाब म्हणून लिहून घेतलं.

संस्थेचं एक ज्युनियर कॉलेज नांदेड जिल्ह्यात, नायगावला होतं. तिथं तिची बदली झाली. जलील लातुरातच राहिला. तिनं नायगावात एक खोली घेतली आणि अकरावीच्या पोरांना आम्ल कुठलं अन् अल्कली कुठली ते लिटमसवर दाखवायला लागली. तिथंही ती परीक्षानळ्या उजेडात धरून बघायची आणि डाग असला तर परत धुवायला लावायची. महिन्यातच तिथली पोरंही तिला टरकायला लागली.

वर्ष उलटलं. एका दुपारी साक्षी नायगावच्या त्या प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली. वाळली होती. आत ये म्हणायच्या आधीच ती आत आली आणि तिनं टेबलावर एक कागद टाकला.

"घ्या. झालं समाधान?"

रईसानं चष्मा लावून वाचलं. अकरा नंबर, शुद्ध केलेलं, साध्या जंतूवर आणि गोळीला दाद न देणाऱ्या जंतूवर, दोन्हींवर तपासलेलं. दोन्हीकडं परिणाम शून्य. तपासणी साक्षीनं स्वतःच पाठवली होती, सरांना न सांगता.

"कितीदा धुतलंस?"

"पाच वेळा."

"तीन वेळा पुरतं," रईसा म्हणाली.

साक्षी बसली नाही. उभ्यानंच बोलत राहिली. सर म्हणतात पहिलाच अहवाल प्रबंधात लावायचा, दुसरा फाडून टाकायचा. मी ऐकलं नाही तर ते मार्गदर्शक राहणार नाहीत. चार वर्षं गेली, पाचवं चाललंय, घरी बाबा सगळ्या गावाला त्या औषधाचं सांगत फिरतात. हे सगळं तुमच्यामुळं, असं ती दोनदा म्हणाली. रईसानं ते नाकारलं नाही. तिला धीरही दिला नाही, कारण द्यायला तिच्याकडं काही नव्हतं. आता काय करणार, एवढंच विचारलं.

"ते तुम्हाला कशाला सांगू?"

साक्षीनं कागद घडी करून पर्समध्ये टाकला. दारापर्यंत जाऊन ती वळली.

"बाटली ओतली त्याचं मी काही बोलणार न्हाई. पण तुम्ही त्या दिवशी आईचं नाव घ्यायला नको होतं."

"हाव," रईसा म्हणाली. "नको होतं."

साक्षी आणखी थोडा वेळ उभी राहिली, काहीतरी पुढं येईल म्हणून. पुढं काही आलं नाही. मग ती गेली.

पुढचं रईसाला तुकड्यातुकड्यानं कळत गेलं. साक्षीनं मार्गदर्शक बदलला. नांदेडच्या उमादेवी मॅडम, निवृत्तीला आलेल्या, त्यांनी तिला पदरात घेतलं. बाराही संयुगं तिला पुन्हा करावी लागली, धुवावी लागली, तपासावी लागली. त्यात दोन वर्षं गेली. बिराजदार सर दरम्यान प्राचार्य झाले. वर्तमानपत्राचं ते कात्रण फ्रेम करून अजून कॉलेजच्या दर्शनी भिंतीवर आहे, असं लातूरहून आलेल्या एका शिपायानं सांगितलं. रईसाची बदली काही रद्द झाली नाही. तिनं अर्जही केला नाही.

साक्षीची शेवटची तोंडी परीक्षा नांदेडला विद्यापीठात होती. खुली असते, कुणीही जाऊन बसू शकतं. रईसानं अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि एसटीनं गेली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. ती सगळ्यांत मागच्या रांगेत, दाराजवळ बसली.

साक्षी इंग्रजीत बोलली, पण पडद्यावरचे आकडे रईसाला वाचता येत होते. अकरा नंबरच्या पानावर साक्षीनं दोन्ही अहवाल शेजारी शेजारी लावले होते. पहिल्या नमुन्यात जुनं औषध उरलं होतं, म्हणून त्याला दाद देणारे साधे जंतू मेले. शुद्ध संयुगानं काहीच होत नाही. पहिला चुकीचा नमुना मी पाठवला होता, असं तिनं स्पष्ट सांगितलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, हे प्रथम कुणाच्या लक्षात आलं? साक्षीनं समोरच्या कागदाकडं बघत सांगितलं, रईसा मोमीन, प्रयोगशाळा सहायक. त्यांची त्या वेळची नोंद आता उपलब्ध नाही. आधीचे आकडे ज्या सुरात वाचले होते त्याच सुरात तिनं ते वाचलं. मागच्या रांगेकडं तिनं एकदाही पाहिलं नाही. रईसा तिथं आहे हे तिला माहीत होतं की नव्हतं, ते रईसाला शेवटपर्यंत कळलं नाही.

टाळ्या वाजायच्या आत ती उठून बाहेर आली. व्हरांड्यातल्या बाकावर हणमंतराव एकटेच बसले होते. आतलं काही कळेना म्हणून मधेच उठून आले असावेत. त्यांनी रईसाला ओळखलं. कुठं पाहिलं ते आठवायला त्यांना थोडा वेळ लागला.

"ताई, तुम्हाला त्यातलं कळतंय," ते म्हणाले. "सगळे मला पेढे मागू लागलेत. पर पोरगी आत लई जड बोलत होती. ते औषध झालं का न्हाई?"

आयुष्यात पहिल्यांदाच रईसानं एखादा मऊ शब्द शोधला. तिला तो सापडला नाही.

"न्हाई झालं, मामा."

"म्हणजे चाललंच न्हाई?"

"न्हाई. जंतूला काही झालं न्हाई त्यानं. पोरीनं सगळ्यांपुढं तसं सांगितलं आत. पहिल्यांदा चुकलं ते बी सांगितलं."

म्हाताऱ्यानं समोरच्या कडुलिंबाकडं पाहिलं. आत खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला, कपबशा वाजल्या.

"तिची आई बी असलीच होती," मग ते म्हणाले. "पाव्हण्याच्या ताटात भाजी वाढताना सांगायची, मीठ जास्त झालंय, बेतानं खा म्हणून. मला लई लाज वाटायची."

हणमंतरावांनी बाकावर ठेवलेली आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली, फेट्याच्या शेमल्यानं बाक झटकला, आणि तिला बसायला जागा करून दिली.